मुकी पेटी

गेल्या दसऱ्याच्या सायंकाळीं माझा एक जुना विद्यार्थी सोनें द्यावयास घरीं आला. आपट्याचीं पानें हातीं देऊन, पायां पडून तो ओसरीवर बसला आणि बराच वेळ कांहीं बोलेना. शाळेंत असतांनाहि त्याची हीच रीत होती. शंका विचारावयाची असली म्हणजे आधीं स्वतःचे पाय पाहावयाचे, मग आढें पाहावयाचें, आणि मग तोंड उघडावयाचें. शेवटीं तो म्हणाला, "सर, चौदा हजार रुपये हायेत माह्यापाशी. एक पेटी घ्याची हाय. पण ते पेटी स्वता वाजत नाही जी."

आमच्या सौ. चहा घेऊन बाहेर येत होत्या, त्या दारांतच थबकल्या. "न वाजणारी पेटी चौदा हजारांना? अरे, तसली एक आमच्या माळ्यावर फुकट पडली आहे, ती घेऊन जा!"

माळ्यावरची पेटी माझ्या वडिलांची. तिचा भाता उंदरांनीं खाल्ला त्यास वीस वर्षें झालीं. परंतु माझा विद्यार्थी म्हणत होता ती पेटी निराळी. तिला मिडी कंट्रोलर म्हणतात. हें नांव मीं त्या दिवशीं प्रथमच ऐकलें हें कबूल करावयास मला संकोच नाहीं. पुढील तीन आठवडे मात्र मीं दुसरें कांहीं वाचलें नाहीं म्हटलें तरी चालेल. कारण त्या चौदा हजारांत त्याचा एका हंगामाचा उरलासुरला घाम होता, आणि मास्तरानें अजाणतां सल्ला द्यावा व शिष्यानें तो श्रद्धेनें पाळावा यासारखें पाप नाहीं.

पुण्या-मुंबईकडील वाचकांसाठीं येथें थोडें सांगणें अवश्य आहे. आमच्या ब्रह्मपुरीहून वैनगंगेचा पूल ओलांडला कीं गडचिरोली जिल्ह्यांतील देसाईगंज, म्हणजे आमचें वडसा, लागतें. १९८२ पूर्वीं हा सारा मुलूख एकच चंद्रपूर जिल्हा होता. धानाचीं बांधें आणि त्यांच्या पाठीशीं रान. म्हणूनच भंडारा-गोंदियापासून खालीं चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंतच्या या पट्ट्यास झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीनंतर धान घरांत येऊं लागलें कीं गांवोगांव मंडई भरते, शंकरपट होतात, आणि रात्रीं नाटक असतें. रात्रीं नऊ-दहाच्या सुमारास पडदा वर जावा आणि कोंबडा आरवेपर्यंत प्रेक्षकांनीं जागचें हलूं नये, असा हा प्रकार. वडशास नाटक मंडळ्यांचीं कार्यालयें हंगामापुरतीं उघडतात आणि गांवकरी तेथें येऊन आपापली तारीख ठरवितात. ही रंगभूमि सरकारी अनुदानावर जगलेली नाहीं, तिकिटावर जगलेली आहे. तिच्यांतील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली तेव्हां कित्येक शहरी मित्रांनीं मला पत्रें लिहून "ही झाडीपट्टी कोठें आली?" असें विचारलें होतें.

तर माझा विद्यार्थी अशाच एका मंडळींत 'ऑर्गन' वाजवितो. नांव अजून ऑर्गन असलें तरी वस्तु आतां पांच सप्तकांचा इलेक्ट्रिक कीबोर्ड असते. तो मोटारसायकलच्या मागें आडवा बांधून तो आज कुरखेड्याकडे, उद्यां सिंदेवाहीकडे, परवां धानोऱ्याच्या पलीकडे असा हिंडे. गेल्या हंगामांत रानांतल्या एका वळणावर बाभळीच्या फांदीनें कीबोर्डाचीं दोन टोकें उचकटलीं, आणि त्यानंतर खर्जांतील चार पट्ट्या कायमच्या बसल्या. म्हणून त्याला पाठपिशवींत मावेल असें कांहींतरी हवें होतें.

आतां ही पेटी मुकी कां? आमच्या शास्त्रकारांनीं वाद्यांचे चार वर्ग केले आहेत: तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. भरतमुनींची ही मांडणी. तेराव्या शतकांत देवगिरीस सिंघण यादवाच्या आश्रयानें 'संगीतरत्नाकर' रचणाऱ्या शार्ङ्गदेवानेंहि तीच धरली. मिडी कंट्रोलरास तार नाहीं, फुंकरीस छिद्र नाहीं, कातडें नाहीं, धातूचा नाद नाहीं. पट्ट्या मात्र पेटीसारख्या आहेत. पट्टी दाबली कीं ती वायरींतून फक्त एक निरोप धाडते, आणि सूर काढतो तो दुसऱ्या टोकाचा मोबाइल किंवा संगणक. नाटकांतील सूत्रधार जसा स्वतः राजा होत नाहीं, राणी होत नाहीं, पण त्याच्या खुणेवांचून कोणी रंगभूमीवर येत नाहीं, तसें हें.

तो निरोप कसा असतो तें मला फार मौजेचें वाटलें. त्यांत तीन आंकडे असतात. पहिला सांगतो, पट्टी दाबली कीं सोडली, आणि सोळा मार्गांपैकीं कोणत्या मार्गानें निरोप जावयाचा. दुसरा सांगतो, पट्टी कोणती. तिसरा, किती जोरानें. पट्टीचे व जोराचे आंकडे शून्यापासून १२७ पर्यंत. मधली पांढरी एक ही ६०; तिच्या लगतची काळी एक ६१; त्याच सप्तकांतील काळी पांच ७०. मूळच्या वायरींतून असा एक निरोप जावयास सेकंदाचा हजारावा भाग पुरतो. ही सर्व व्यवस्था १९८३ सालची. त्या वर्षाच्या जानेवारींत कॅलिफोर्नियांतील एका प्रदर्शनांत दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचीं वाद्यें एका वायरीनें जोडून दाखविण्यांत आलीं, आणि एकाच्या पट्टीवर दुसरें बोललें. जपानचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ हे तिचे मुख्य प्रवर्तक. त्यांनीं या भाषेवर मालकी सांगितली नाहीं, ती सर्वांस मोकळी ठेविली. २०१३ सालीं दोघांस मिळून ग्रॅमी संस्थेचा तांत्रिक सन्मान मिळाला. चाळीस वर्षांपूर्वींचा फोन किंवा संगणक आज कोणी कामास लावीत नाहीं, पण तेव्हांचें वाद्य आजच्या वाद्याशीं याच आंकड्यांत बोलूं शकतें. पाणिनीच्या सूत्रांची सवय असलेल्या माणसास असा अल्पाक्षरी टिकाऊपणा पाहून बरें वाटतें.

परदेशी वस्तु म्हणून नाक मुरडणाऱ्यांस एक स्मरण द्यावेंसें वाटतें. आमची 'देशी' पेटी तरी कोठली? १८४२ सालीं पॅरिसच्या देबें यानें हार्मोनियमचें पेटंट घेतलें. तें पायानें भाता मारावयाचें, खुर्चीवर बसून वाजवावयाचें धूड होतें. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास भाता मागें आणून त्याची हातपेटी केली, तेव्हां ती मांडी घालून बसणाऱ्यांची झाली, आणि डोक्यावरून, बैलगाडींतून गांवोगांव जाऊं लागली. पुढें गोविंदराव टेंब्यांसारख्या पुरुषानें तिच्यावर बोट ठेवलें व १९११ च्या 'मानापमाना'स चाली दिल्या. तरीसुद्धां १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला दाराबाहेर काढलें, कारण तिच्यांत मींड नाहीं, श्रुति नाहींत. आणि परत आंत येण्यास तिला सुमारें तीन दशकें लागलीं. आक्षेप खोटा नव्हता. परंतु रेडिओचें दार बंद असतांनाहि आमच्या भजनांत आणि नाटकांत ती वाजतच होती, कारण तीच तेवढी उचलून नेतां येत होती.

कार्तिकाच्या आरंभीं आम्ही दोघे एस्.टी.नें नागपुरास गेलों आणि सीताबर्डीवरील एका दुकानांत जवळजवळ चार तास घालविले. दुकानदार सज्जन होता. त्यानें आम्हांस हाकललें नाहीं. अकाई, कोर्ग, आर्टुरिया, नोव्हेशन, एम-ऑडिओ अशीं नांवें मांडणीवर होतीं. माझ्या विद्यार्थ्याच्या मनांत एक २५ पट्ट्यांची ठेंगणी पेटी भरली होती. तिच्या उजव्या अंगास रबरी चौकोन आणि त्यांखालीं रंगीत दिवे लुकलुकत होते; दप्तरांत सहज मावेल एवढी ती होती. मीं त्याला म्हटलें, "आधीं एक नाट्यपद वाजव." तो वाजवूं लागला आणि अंतऱ्यांत तार सप्तकास हात गेला तेव्हां पट्ट्याच संपल्या.

पंचवीस पट्ट्या म्हणजे दोन सप्तकें आणि वर एक षड्ज. खालच्या पंचमापासून वरच्या पंचमापर्यंत गाणारा गवई असला म्हणजे दोन सप्तकें कांठोकांठ भरलीं. त्यांतून स्त्री-पार्टी काळी पांचला गाणार आणि नायक काळी एकला. सप्तक वरखालीं सरकविण्याचें बटण असतें खरें, पण ऐन तानेंत तें दाबणें म्हणजे भर पुरांत नाव बदलणें. आपली पेटी तीन-साडेतीन सप्तकांची कां असते याचें उत्तर मला त्या दुकानांत मिळालें. म्हणून ३७ पट्ट्या, तीन सप्तकें. याहून कमी घेऊं नये आणि मोटारसायकलवर फिरणाऱ्यानें याहून फारशा अधिकहि घेऊं नयेत. पट्ट्यांची रुंदीहि पाहावी. पियानोच्या मापाचें सप्तक साडेसोळा सेंटिमीटरांच्या आसपास भरतें. बारीक पट्ट्यांच्या पेट्यांत तें बरेंच आंखडतें, आणि वीस वर्षें पेटीवर फिरलेलें बोट दोन पट्ट्यांवर एकदम पडतें. कोर्गची एक पेटी तर टंकलेखनयंत्राच्या बटणांची आहे, पाव किलोच्या आंतबाहेर वजनाची. आगगाडींत बसून चाल टिपून ठेवणाऱ्यास ती सोयीची. रात्रभराच्या नाटकास नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म, आणि ती मला कोणत्याहि माहितीपत्रकांत आढळली नाहीं. पेटीवाल्याचा उजवा हात सूर काढतो आणि डावा भाता मारतो. लहानमोठेपणा सारा भात्यांत. पट्टी जोरानें दाबा कीं हळू, सूर तोच. या नव्या पेटींत उलट आहे, बोटाचा जोरच आवाज ठरवितो. त्यामुळें माझ्या विद्यार्थ्यानें वाजविलेली ओळ उचक्या लागल्यासारखी निघाली, एक सूर ओरडे, एक पुटपुटे. आणि त्याचा डावा हात बिचारा हवेंत रिकामा हलत होता! तेव्हां दुकानदारानेंच तोड सुचविली. बोटाचा जोर एका ठरीव आंकड्यावर बांधून टाकावयाचा, आणि डावीकडील चाकास आवाज कमीअधिक करण्याचें काम द्यावयाचें. तें चाक हाच भाता झाला. अशीं चाकें दोन असतात. एक सोडलें कीं आपोआप मध्यावर परततें. तें सूर ओढण्याचें, म्हणजे मींडेचें. दुसरें जेथें सोडाल तेथें राहतें. भाता होऊं शकतो तो याचाच. पुष्कळ लहान पेट्यांत जागा वांचविण्यासाठीं दोहोंऐवजीं एकच दांडी बसविलेली असते आणि ती हात सोडतांच उडून मध्यावर येते. पेटीवाल्यानें तसली घेऊं नये. सुटीं दोन चाकें असतील तीच घ्यावी.

मींडेच्या चाकाविषयीं दोन शब्द. सामान्यतः तें सूर दोन स्वरांतरांपर्यंत, म्हणजे षड्जापासून शुद्ध ऋषभापर्यंत, वर किंवा खालीं नेतें. १९४० सालच्या त्या आक्षेपाचें अर्धें उत्तर या अंगठ्याएवढ्या चाकांत आहे. मात्र एका मार्गावरचे सगळेच सूर तें एकदम ओढतें. धरून ठेवलेला षड्जहि सोबत घसरतो, आणि षड्ज घसरला म्हणजे गवयाच्या पायांखालचें जोतें घसरलें. तेव्हां आधारसूर वेगळ्या मार्गावर किंवा स्वतंत्र तंबोऱ्यावर ठेवावा.

आतां फोन. पुष्कळ लोक पेटी घेऊन घरीं येतात आणि मग फोन तिला ओळखीत नाहीं म्हणून कपाळाला हात लावतात. अँड्रॉइड फोनांत मिडीची सोय २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून आली; त्याहून जुना फोन असल्यास त्याच्या भरवशावर राहूं नये. आयफोनासहि २०२३ पासून टाइप-सी तोंड आल्यानें आतां बहुधा एकच वायर चालते. पेटी स्वतंत्र ड्रायव्हर न मागतां चालणारी असावी, आणि ती फोनकडूनच वीज पिते हें विसरूं नये. जितके दिवे तितकी तहान. आमच्याकडे वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो आणि नाटक सात-आठ तास चालतें. म्हणून फोनला एकाच वेळीं पेटी आणि पॉवर बँक दोन्ही जोडतां येतील असा हब आम्हीं निराळा घेतला. या हबाशिवायची खरेदी म्हणजे वातीशिवायची समई.

आवाज बाहेर काढावयाचा तोहि वायरीनेंच. ब्लूटूथच्या स्पीकरांत सूर उशिरां निघतो. किती उशिरां म्हणाल, तर ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. सेकंदाचा शंभरावा भाग उशीर झाला तर पेटी तबल्यापासून साडेतीन मीटरांवर बसली आहे असें समजावें, एवढें कोणीहि सांभाळून घेतो. पण ब्लूटूथचा उशीर सहज सेकंदाच्या सातव्या-आठव्या भागाइतका असतो. तेव्हां पेटीवाला रंगमंचापाशीं आणि सूर चाळीस-पन्नास मीटरांवर, मंडपाच्या दाराशीं! समेवर कोणी कोणास भेटावयाचेंच नाहीं.

एवढ्या चर्चेनंतर ३७ पट्ट्यांची, दोन चाकांची पेटी समोर आली. तिच्यावर रबरी चौकोन नव्हते. माझा विद्यार्थी पुन्हां आपले पाय पाहूं लागला, मग दुकानाचें छत. मग खरें तें बाहेर आलें. मंडळीच्या मालकानें त्याला सांगितलें होतें कीं, चौकोनांची पेटी आण, त्यांवर ढोलक-तबला तूंच वाजव, तुला दीडपट नाइट देतों. नाइट म्हणजे एका प्रयोगाची बिदागी. आणि सध्यां ढोलक वाजविणारा कोण? त्याचा सख्खा मामा. ज्यानें त्याला बोट धरून पहिल्या मंडईस नेलें, आणि पहिला ताल मांडीवर थाप मारून शिकविला.

मला मालकावर रागावतां येईना. १९८५ सालीं ऑक्टोपॅड निघाला तेव्हांपासून लग्नाच्या आणि नाटकाच्या वाद्यवृंदांतून किती ढोलकी, ढोलकें, ताशे उठले याचा हिशेब कोणीं ठेविला आहे? गाडीभाडें, जेवण, बिदागी; एक माणूस कमी म्हणजे मालकाचेंहि घर चालतें. आणि या मुलाच्याहि घरीं दुसरें अपत्य होऊं घातलेलें. मीं एवढेंच विचारलें, "मामाला ठाऊक आहे का?" तो म्हणाला, "नाही जी." मग त्यानें स्वतःच चौकोन नसलेली पेटी उचलली. हब आणि वायरींसकट चौदा हजारांवर थोडे लागले. ते मीं दिले. सौ.ना अजून सांगितलेले नाहींत; हा अंक आल्यावर कळेल.

मार्गशीर्षांत आरमोरीच्या पलीकडील एका गांवीं प्रयोग होता, तेथें तो मला हट्टानें घेऊन गेला. मी वाद्यांपाशींच सतरंजीवर बसलों. पहिला अंक सुरेख गेला. मींडेच्या चाकावर त्याचा हात इतका बसला होता कीं, गाणाऱ्या बाईंनीं एकदां मान वळवून सारंगी कोठून आली तें पाहिलें. दुसऱ्या अंकांत म्हातारा बाप मरतो. बाप मेला, पेटीनें करुण सूर धरला, आणि चारहि कर्ण्यांतून एकाएकीं दणदणीत आवाजांत फोन वाजूं लागला! फोन विमानाच्या खुणेवर ठेवावयाचा राहिला होता. दोनतीन हजार माणसें खो खो हंसलीं. विनोदी नटानें पडद्याआडून डोकें काढून, "घ्या, पोचल्याचा फोन आला!" म्हणून आणखी भर घातली. विद्यार्थ्याचे हात कांपूं लागले. फोन बंद करतां करतां वाद्याचें ॲपहि बंद पडलें. तेवढ्यांत मामानें ढोलकावर संथ, जड ठेका धरला, एकट्यानें. मृत बापाची मुलगी त्याच ठेक्यावर, सुरावांचून, विलाप गाऊं लागली, आणि हंसणारे हळूहळू गप्प झाले. पेटी परत बोलूं लागावयास दोन मिनिटें तरी गेलीं असतील.

फोन आमच्याच घरून होता. माझा लागेना म्हणून सौ.नीं त्याला लाविला होता, मी मफलर घेतला कीं नाहीं हें विचारण्यासाठीं.

मालक त्या रात्रीं कांहीं बोलला नाहीं, बिदागीहि पुरी दिली. होळीला हंगाम संपला. पेटीस अद्याप कांहीं झालेलें नाहीं. फक्त एका चाकांत वडशाची धूळ गेली होती, ती मऊ कुंचल्यानें काढली. आपल्या घरांत मुलें गाणें शिकत असतील तर त्यांस पहिलें वाद्य म्हणून ही मुकी पेटी मात्र देऊं नये. मुलाच्या हाताला वाद्यानें स्वतः ओ दिली पाहिजे. तयार हातास आणि फिरत्या पायास ती योग्य.

गुढीपाडव्यास त्याचें पत्र आलें. म्हणजे फोनवरचा निरोपच, पण शुद्धलेखन नीट ठेवून लिहिलेला. घरीं मुलगी झाली आहे. मालकानें पुढील हंगामासाठीं पुन्हां दीडपटीची गोष्ट काढली आहे. मामांचें वय एकसष्ट. नुसत्या रबरी चौकोनांची वेगळी लहान पेटी मिळते काय, आणि ती याच हबास जोडतां येईल काय, एवढें कळवावें, असें त्यानें विचारलें आहे. ती मिळते, आणि जोडतांहि येते. मीं अजून उत्तर धाडलेलें नाहीं.